हिरवं बटण दाबल्यानंतरची शांतता

परवा आईने विचारलं, "अरे, तुझा फोन आला ना की वरचं ते ४जी जातं आणि नुसता ई दिसतो, फोन बिघडलाय का?" मी म्हटलं नाही गं, फोन ठणठणीत आहे, तो माझा कॉल घ्यायला खाली उतरतो. तर म्हणाली, खाली म्हणजे कुठे? आता याचं उत्तर फोनवर दोन मिनिटांत कसं द्यायचं, म्हणून तिला थोडक्यात सांगितलं आणि जे राहिलं ते इथे सविस्तर लिहितोय.

मी काही वर्षं ड्राइव्ह टेस्टचं, म्हणजे रस्त्यावर फिरून मोबाइल नेटवर्क तपासायचं काम केलंय. म्हणजे गाडीच्या मागच्या सीटवर बसायचं, मांडीवर लॅपटॉप, शेजारी चार हँडसेट केबलने जोडलेले, छतावर जीपीएसचा अँटेना, आणि ते फोन दिवसभर आपापले कॉल लावणार, दोन मिनिटं धरणार, कापणार, परत लावणार. स्क्रीनवर फोन आणि टॉवरमधले निरोप ओळीने सरकत असतात आणि आपण कुठे काय फिसकटलं ते बघत बसायचं. त्यातून एक सवय लागली ती अजून आहे, कोणाचाही फोन हातात घेतला तरी वरच्या चिन्हापेक्षा माझं लक्ष हिरवं बटण दाबल्यापासून रिंग ऐकू येईपर्यंतच्या शांततेकडे जातं. कॉल नेटवर्कच्या कुठल्या पिढीवरून (२जी, ३जी, ४जी मधला जी म्हणजे जनरेशन, पिढी) चाललाय ते तीच सांगते.

पहिल्या पिढीचं फार सांगण्यासारखं नाही. १९७९ मध्ये टोकियोत आणि १९८३ मध्ये शिकागोत सुरू झालेली ही ॲनालॉग नेटवर्कं. प्रत्येक कॉलला स्वतःची वेगळी फ्रिक्वेन्सी, अमेरिकेतल्या सिस्टीममध्ये ३० किलोहर्ट्झची, आणि आवाज एफएम रेडिओसारखाच हवेत सोडलेला. साहजिकच बाजारात मिळणारा स्कॅनर घेऊन कोणीही कोणाचंही बोलणं ऐकू शकायचं.

खरी गंमत २जीपासून. जीएसएम या २जीच्या पद्धतीवरचा पहिला कॉल १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये झाला, आणि त्या वेळी ज्यांनी आवाज कसा न्यायचा हे ठरवलं त्यांचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं, कारण त्यांच्याकडे जागा फारच कमी होती. २०० किलोहर्ट्झच्या एका कॅरियरवर, म्हणजे एका रेडिओ पट्ट्यावर, आठ जण आळीपाळीने बोलतात, प्रत्येकाची पाळी फक्त ०.५७७ मिलीसेकंदांची, सेकंदाला साधारण २१७ वेळा. जुना २जी फोन स्पीकरजवळ ठेवला की रिंग वाजायच्या आधीच टिट्-टिटिट्-टिट् असा आवाज यायचा आठवतंय? तो हाच, फोनचा ट्रान्समीटर त्या पाळीने चालू बंद होत असतो आणि स्पीकरची वायर ते पकडते.

आता आपण तर सलग बोलतो, मग पाळी-पाळीने कसं जमतं? फोन आपल्या बोलण्याचे २० मिलीसेकंदांचे तुकडे करतो. मूळ १३ केबीपीएसच्या कोडेकमध्ये (कोडेक म्हणजे आवाजाचे बिट करायची पद्धत) एका तुकड्याचे २६० बिट होतात आणि त्या सगळ्यांना सारखी किंमत नसते, हे मला सगळ्यात आवडलेलं. पहिले ५० बिट अतिशय महत्त्वाचे, त्यांना सगळ्यात जास्त संरक्षण आणि वर तपासणी. मधल्या १३२ ना संरक्षण आहे पण तपासणी नाही. उरलेले ७८ तसेच उघडे पाठवतात, बिघडले तर थोडी खरखर येईल, चालेल. पण त्या पहिल्या ५० मध्ये चूक सापडली तर अख्खा तुकडा फेकून देतात आणि आधीचाच तुकडा पुन्हा वाजवतात. सिग्नल खराब असताना समोरच्याचा आवाज यंत्रासारखा ताणल्यासारखा येतो ना, तो म्हणजे हा पुन्हा वाजवलेला तुकडा.

आणि आपण गप्प असतो तेव्हा फोन बहुतेक वेळ काहीच पाठवत नाही, बॅटरी वाचते आणि आसपासच्या फोनच्या सिग्नलला त्रास कमी. पण त्यामुळे समोरच्याच्या कानात एकदम ठार शांतता पसरली असती आणि त्याला वाटलं असतं कॉल कटला, म्हणून त्याचाच फोन हलकी सूं सूं तयार करून ऐकवतो. तिला कम्फर्ट नॉइज म्हणतात. म्हणजे "हॅलो, आहेस ना?" असं माणसं विचारतील याचाही विचार करून ठेवलेला.

तुम्ही गप्प असलात तरी ती पाळी मात्र तुमचीच राहते, दुसऱ्या कोणाला मिळत नाही. यालाच सर्किट स्विचिंग म्हणतात, कॉल लागला की या टोकापासून त्या टोकापर्यंतची वाट तुमच्या नावावर. गर्दी झाली की कंपन्या हाफ रेट चालू करायच्या, एका पाळीत दोन कॉल बसवायचे, माणसं दुप्पट पण आवाज पार बसका. मला ते कधीच पटलं नाही. आणि त्या काळच्या सगळ्याच कोडेकना वरची मर्यादा ३४०० हर्ट्झची, जी लँडलाइनपासून चालत आलेली. स चा सगळा जोर त्याच्या वर असतो, त्यामुळे फोनवर नाव सांगताना स की फ कळत नाही आणि मग आपण "स सशातला" असं सांगत बसतो. बोलणाऱ्याचे उच्चार चांगलेच असतात, वरचा भाग नेटवर्कने कापलेला असतो.

३जी आलं (जपानमध्ये १ ऑक्टोबर २००१ ला) आणि पाळ्या गेल्या. सगळे एकाच ५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच वेळी बोलतात, फक्त प्रत्येकाचा कोड वेगळा. एका खोलीत दहा जण दहा भाषांत बोलताहेत आणि तुम्हाला तुमचीच भाषा कळतेय असं काहीसं. पण त्यात कोणी ओरडायला लागलं तर सगळ्यांचं बोलणं बुडतं, म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला १५०० वेळा सांगत राहतो, तुझा आवाज, म्हणजे सिग्नलचा जोर, वाढव, कमी कर. इतकं करूनही गर्दी वाढली की टॉवरची पोच आत सरकते, तिला सेल ब्रीदिंग म्हणतात. एका वळणावर आमचा कॉल सकाळी सातला व्यवस्थित चालायचा आणि संध्याकाळी सातला हमखास ड्रॉप व्हायचा, तीन दिवस आम्ही अँटेनाचा कोन तपासत बसलो आणि कोन अगदी बरोबर होता, संध्याकाळी माणसं वाढायची आणि ते वळण पोचेच्या बाहेर पडायचं, बस.

३जीचं आणखी एक, बोलता बोलता इंटरनेट चालू राहायचं. आणि एचडी व्हॉइस आला, ५० ते ७००० हर्ट्झ, त्यात स हा स सारखा ऐकू येतो. तरी आवाजाची वाट आतून सर्किटचीच होती.

आणि मग ४जी. डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोला सुरू झालं आणि त्यात आवाजासाठी सर्किटच नव्हतं! सगळं पॅकेटवर, म्हणजे इंटरनेटसारखं सुट्या तुकड्यांत. फोन करण्यासाठी म्हणून जन्मलेल्या नेटवर्कच्या चौथ्या पिढीत साधा फोन कॉल सुरुवातीला होतच नव्हता. तो इंटरनेटच्या पद्धतीने कसा करायचा हे कागदावर ठरलेलं होतं पण प्रत्यक्षात यायला २०१२ उजाडलं, दक्षिण कोरिया आणि अमेरिकेत. तोपर्यंत जी तडजोड काढली तिचं नाव सीएसएफबी (सर्किट स्विच्ड फॉलबॅक, म्हणजे कॉलपुरतं परत जुन्या सर्किटवर), आणि आईच्या फोनवर दिसतं ते हेच.

फोन ४जीवर असतो. कॉल येतो जुन्या एक्स्चेंजकडे, ते ४जीला सांगतं की या माणसाला हाक मार. ४जी हाक मारतं, फोन म्हणतो आलो, आणि ४जी सोडून खाली ३जी किंवा २जीवर जातो. तिथे टॉवर शोधायचा, त्याची माहिती वाचायची, आणि मग कॉल घ्यायचा. सगळं नीट झालं तरी काही सेकंद जातात, तीच ती लांबलेली शांतता. आणि जिथे ३जी बंद झालंय तिथे फोन थेट २जीवर जातो, म्हणून तो ई (एज, म्हणजे २जीवरच्या इंटरनेटची खूण), आणि म्हणूनच कॉल चालू असताना आईचं व्हॉट्सॲप ठप्प होतं.

नीट झालं नाही तर काय होतं तेही मी बघितलंय. एका रस्त्याच्या साधारण दोन किलोमीटरच्या पट्ट्यात आमच्या हँडसेटवर येणारे कॉल लागतच नव्हते, सिग्नल पूर्ण, ४जी फुल, आणि लावणाऱ्याला ऐकू येतंय की ग्राहक संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. लॉग, म्हणजे त्या निरोपांची नोंद, उघडला तर फोन हाक ऐकून खाली उतरत होता, पण उतरल्यावर त्याला जो २जी टॉवर मिळायचा तो वेगळ्या एरियाचा, आणि त्या एरियाचा कारभार दुसऱ्याच एक्स्चेंजकडे. मग फोन बिचारा आधी तिथे नोंदणी करायचा, आणि इकडे पहिलं एक्स्चेंज वाट बघून कॉल सोडून द्यायचं. ४जीचा कुठला एरिया २जीच्या कुठल्या एरियाशी जोडायचा याचा एक तक्ता असतो, तो टॉवरची फेररचना झाल्यावर कोणी बदललाच नव्हता. त्या पट्ट्यात राहणाऱ्यांचे किती कॉल असे हवेत गेले असतील आणि त्यांना पत्ताही नसेल, याचं मला अजून वाईट वाटतं. न आलेला कॉल मिस्ड कॉलमध्येसुद्धा दिसत नाही.

यावर खरं उत्तर म्हणजे व्होल्टी, व्हॉइस ओव्हर एलटीई (एलटीई म्हणजे ४जीच). यात फोन खाली उतरत नाही, ४जीवरच राहतो, आवाजाचे २० मिलीसेकंदांचे तुकडे आता पॅकेट होऊन जातात. मजा अशी की एका पॅकेटमध्ये आवाज असतो साधारण ३२-३३ बाईट आणि त्यावर पत्ता वगैरे ४० बाईट, आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी, लांब पद्धत) असेल तर ६०, म्हणजे पत्रापेक्षा पाकीट जड! म्हणून टॉवर आणि फोनमध्ये ते पाकीट दाबून तीन-चार बाईटवर आणतात.

लोक मला नेहमी विचारतात की व्होल्टी पण पॅकेटवर आणि व्हॉट्सॲप कॉल पण पॅकेटवर, मग फरक काय. फरक रांगेचा. व्होल्टीचा कॉल जुळताना, रिंग वाजायच्या आधी, नेटवर्क आवाजासाठी वेगळी राखीव वाट तयार करतं, तिला क्यूसीआय १ म्हणतात, त्यात पॅकेट १०० मिलीसेकंदांच्या आत पोचलं पाहिजे अशी अट, थोडी पॅकेट हरवली तरी चालतील, कारण उशिरा आलेला आवाज काय कामाचा. व्हॉट्सॲपचा कॉल सर्वसाधारण रांगेत, शेजारी कोणी व्हिडिओ बघतोय त्याच्या बरोबरीने उभा. टॉवर रिकामा असेल तर दोन्ही सारखेच वाटतात, गर्दीत मात्र फरक लगेच कळतो.

आणि बोलता बोलता ४जीची हद्द संपली तर? तर चालू कॉल पॅकेटवरून उचलून जुन्या सर्किटवर ठेवायचा, मधला खंड ३०० मिलीसेकंदांच्या आत. एसआरव्हीसीसी नाव. हे नीट झालं की बोलणाऱ्याला काही कळत नाही, फसलं की तो म्यूट कॉल, घड्याळ चालू पण कोणाचाच आवाज नाही. ड्रॉप झालेला कॉल निदान प्रामाणिक असतो, आपण परत लावतो. म्यूट कॉलमध्ये माणूस हॅलो हॅलो करत बसतो.

५जीबद्दल लोकांचा समज असतो की आता आवाजही ५जीवरून जातो. बऱ्याच ठिकाणी नाही. ५जी जिथे ४जीच्या आधाराने चालतं तिथे आवाज सरळ ४जीवरच. जिथे ५जी स्वतंत्र आहे तिथेही अनेकदा कॉलची बोलणी ५जीवर सुरू होतात आणि आवाजाची राखीव वाट मागितली की नेटवर्क फोनला ४जीकडे पाठवतं. बिघाड समजू नका, बटण दाबल्यावर चिन्ह बदललं तर हेच. पूर्ण ५जीवरचा आवाज, व्हीओएनआर, हळूहळू येतोय.

मला काळजी आहे ती जुनी नेटवर्कं बंद होण्याची. बंद करायला माझा विरोध नाही, फ्रिक्वेन्सी मर्यादित आहेत. पण ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२४ मध्ये ३जी बंद करताना असे फोन निघाले जे रोजचे कॉल व्होल्टीवर करायचे आणि आपत्कालीन कॉलला मात्र ३जीच शोधायचे. वापरणाऱ्याला हे कळणार कसं, रोज तर फोन व्यवस्थित चालतोय! शेवटी असे फोन नेटवर्कवरून ब्लॉक करावे लागले.

आईच्या फोनमध्ये व्होल्टीचं हार्डवेअर आहे, सेटिंगमध्ये तो पर्याय दिसतोही, पण राखाडी, दाबला जात नाही. फोनवाल्यांना विचारलं तर म्हणाले सिम कंपनीने मान्यता द्यायला हवी, सिमवाल्यांना विचारलं तर म्हणाले फोन कंपनीने अपडेट द्यायला हवं. तीन महिने झाले. आता मी नाद सोडला आणि तिच्यासाठी दुसरा फोन घेतोय, पण या वेळी आधी तिचंच सिम घालून कॉल लावणार, रिंग किती वेळाने येते ते मोजणार, आणि कॉल चालू असताना वर ४जी तसंच राहतंय का ते बघूनच घेणार.