पद्मिनीचं चाक पुढे घासत होतं, दुखणं मागे होतं

माझी प्रीमियर पद्मिनी १९८७ ची. अमरावतीच्या एका गृहस्थांकडून घेतली तेव्हा इंजिन खणखणीत होतं, पत्राही बराचसा शाबूत होता. त्रास एकच. डावीकडे जोरात वळलं किंवा स्पीडब्रेकरवरून उतरलं, की पुढचं उजवं चाक मडगार्डला खर्रकन घासायचं. गाडी पार्क करताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी आवाज यायचा. टायरच्या खांद्यावर गोल चकाकता पट्टा पडला होता. टायर असा आतून झिजत गेला तर एक दिवस नागपूरच्या वर्धा रोडवर फुटणार, हे दिसतच होतं.

ज्याला दाखवावं तो सांगायचा, मडगार्डची कड ठोकून आत दुमडून घ्या, अर्ध्या तासाचं काम. पण या गाडीवर अजून जुना रंग आहे, आणि हातोडा पडला की तो तडकणार. शिवाय कड दुमडून घासणं थांबलं तरी गाडी एका अंगाला का झुकली आहे, याचं उत्तर मिळत नाही. दुसरा सल्ला स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये रबरी बफर बसवण्याचा. ते बाजारात कुठेही मिळतात आणि गाडी लगेच वर येते, हे खरं. पण बफर जिथे बसतो तिथली वेटोळी काम करायची थांबतात आणि उरलेल्यांवर जास्त ताण येतो. जुन्या स्प्रिंगला मी तरी हे करणार नाही.

आधी घासतंय कुठे, ते पक्कं केलं. टायरच्या दोन्ही कडांना ओला खडू जाड फासला, घरच्यांना मागे बसवलं आणि सेमिनरी हिल्सच्या वळणांवर एक फेरी मारली. परत येऊन टॉर्च मारला तर मडगार्डच्या आत दोन वेगळ्या जागी पांढरं उमटलेलं. एक वरच्या कडेला, दुसरं खाली मागच्या बाजूला. वरची खूण गाडी दबल्यावरची, म्हणजे उंचीचा प्रश्न. खालची खूण चाक पूर्ण वळल्यावरची, म्हणजे रिम आणि टायरच्या रुंदीचा प्रश्न. आवाज एकसारखा असला तरी ही दोन दुखणी होती.

मग मापं घेतली. उंची जमिनीपासून मोजली तर टायरमधली हवा आणि फरशीचा उतार दोन्ही फसवतात. म्हणून चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं. गाडी दोन-तीनदा दाबून सोडायची, थोडी पुढे ढकलायची, मग टेप लावायचा. ड्रायव्हरच्या सीटवर तांदळाचे ३० किलोचे दोन कट्टे ठेवले, कारण गाडी कधीच रिकामी चालत नाही. पुढे उजवी बाजू डावीपेक्षा २२ मिमी खाली निघाली. मागे मोजलं तर तिथे फरक २६ मिमी! घासतंय पुढे म्हणून सगळे पुढेच पाहत होते.

पद्मिनीला पुढे विशबोन (चाक धरून वर-खाली हलणारे दुबेळके दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड ॲक्सल आणि पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा. मागचा एक पाटा बसला की सगळी बॉडी त्या अंगाला कलते आणि पुढचा त्याच बाजूचा कोपराही खाली येतो. मग दोष पुढचा की मागचा? याची परीक्षा सोपी आहे, आणि माझ्या मते प्रत्येक जुन्या गाडीवाल्याने ती करावी. जॅक मागच्या ॲक्सलच्या बरोबर मधोमध लावायचा, वर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि मागची दोन्ही चाकं जेमतेम उचलायची. आता ॲक्सल एका बिंदूवर टेकलेला असतो, डावी-उजवीकडे मोकळा डोलतो. बॉडीला सरळ किंवा तिरकं धरण्याचं काम एकट्या पुढच्या स्प्रिंगांवर येतं. कलणं तसंच राहिलं तर दोष पुढे, गेलं तर मागे. हँडब्रेक मागच्या चाकांवर असल्याने तो अशा वेळी उपयोगाचा नाही, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

टेप लावला. पुढचा २२ मिमीचा फरक ८ वर आला होता. बहुतेक सगळा कल मागचा होता.

गाडी वाडीला नेली. अमरावती रोडवर ट्रकांचा राबता, त्यामुळे पाट्यांचं काम जाणणारी माणसं तिथे आहेत. मिस्त्रींनी तारेच्या ब्रशने उजव्या पाट्यावरचा चिखल खरवडला आणि बोट ठेवलं. "हे पाहा भाऊ, दोन नंबरचा पाटा मधातूनच गेला. वरच्यानं धरून ठेवला म्हणून दिसत नव्हता." मधल्या बोल्टच्या भोकातूनच तडा गेला होता, गंजाची रेघ आरपार. नवीन पाटा घातला. बाकीच्यांची कमान उतरली होती, ती नुसती थंड ठोकून न आणता भट्टीत तापवून, आकार देऊन, पुन्हा पाणी देऊन घेतली. नुसता ठोकलेला पाटा काही महिन्यांत परत बसतो, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंचे पाटे एकत्रच केले, शेजारी उभे करून कमान जुळवली. एक आग्रह मी धरला: शॅकलचे (पाट्याचं टोक बॉडीला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. गाडी हवेत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत अडकतात आणि गाडी उगाच उंच दिसते, मग बुशही लवकर फाटतात.

पुढचे ८ मिमी कॉइल स्प्रिंगचे होते. मुंबईतून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेल्या, पण तिथल्या जुन्या दुकानदारांकडे अजून सुटे भाग निघतात. तिथून जोडी मागवली, वरच्या रबरी बैठकीसकट. स्प्रिंग काढताना ती दाबून धरणारा कॉम्प्रेसर हवाच, दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. आणि पट्टी घालून उंची वाढवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की स्प्रिंग विशबोनच्या मधल्या भागात बसते. तिथे ५ मिमी वाढवले तर चाकाशी त्याहून बरेच जास्त वाढतात.

वरची खूण गेली. खालची राहिली, कारण आधीच्या मालकाने बाहेर निघालेल्या रुंद रिमवर १८५/७० आर १४, म्हणजे १८५ मिमी रुंदीचे, टायर चढवले होते. मूळ माप ५.२०-१४, म्हणजे ५.२० इंच रुंद, किती तरी अरुंद. मूळ लोखंडी रिम शोधल्या आणि १६५/८० आर १४ घेतले. आजच्या छोट्या गाड्यांचंच माप आहे, कुठेही मिळतं. आधीच्या १८५ च्या तुलनेत व्यासात फरक जेमतेम ५ मिमी, रुंदीत २० मिमी कमी. रिम जुन्या धाटणीच्या असल्याने आत ट्यूब टाकली. स्टिअरिंगही हलकं झालं, जे इतकी वर्षं ही गाडीच जड म्हणून सगळे सोडून देत होते.

उंची बदलली की टो-इन, म्हणजे पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल, बदलतं, म्हणून अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. हेडलाइटही खाली करावे लागले.

पाचेकशे किलोमीटर झाल्यावर पाटे ॲक्सलला बांधणारे मागचे यू-बोल्ट पुन्हा आवळले आणि परत टेप लावला. नवे पाटे ४ मिमी बसले, पण दोन्हीकडे सारखे. डावी-उजवी आता ३ मिमीच्या आत आहे. पाच माणसं बसवून, टायरला खडू फासून बुटीबोरीपर्यंत जाऊन आलो. मडगार्डच्या आत पांढरं काही उमटलं नाही.