आजचा धडा: दया

आज घरशाळेत लेकीला ‘दया’ शिकवताना आधी एकनाथांची गोष्ट घेतली. रामेश्वराला नेत असलेलं कावडीतलं गंगाजल त्यांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. मग सावित्रीबाई. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

लेक म्हणाली, “नाथांना गाढवात देव दिसला. सावित्रीबाईंना कोण दिसलं?”

“आजारी माणूस,” मी म्हटलं. तिला ते पटलं.

मला दोन्ही गोष्टी हव्यात. सासूबाईंच्या हरिपाठासकट. फक्त ‘देव शिक्षा करील’ ही भीती मी धड्यात येऊ देत नाही, त्यावर मी ठाम आहे.

उद्या गाडगेबाबा. खराटा आणि कीर्तन, दोन्ही सांगणार.