आमची वाटचाल : चालतो हो, पण आवाज करतो

दुकान सुरू केलं तेव्हा ऑडिओच, म्हणजे जुने अँप्लिफायर (अँप) दुरुस्त करायचं काम, करायचं असं काही ठरवलं वगैरे नव्हतं. डोंबिवली पूर्वेला एक गाळा भाड्याने मिळाला, नव्वदचं दशक, जे येईल ते रिपेअर करायचं, टीव्ही, टेप, वेळ पडली तर इस्त्रीसुद्धा. गणपतीच्या आधी मंडळांचे पीए (लाऊडस्पीकरवाले) अँप्लिफायर यायचे आणि त्यावर पुढचं बरंच भाडं निघायचं. घरगुती स्टिरिओ अँप म्हणजे एकतर आपले सोनोडाइन, कॉस्मिक, नाहीतर मग गल्फवाल्यांचा माल, कोणाच्या तरी काकांनी मस्कतहून आणलेला सॅन्सुई किंवा पायोनियर, वर क्रोशाचं कव्हर आणि त्याच्यावर फुलदाणी, म्हणजे गरम हवा बाहेर जायची वाट पहिल्या दिवसापासून बंद!

मग होम थिएटर आले, ५.१ चे डबे, एमपीथ्री, आणि लोकांनी असे सोन्यासारखे अँप भंगारात घातले. त्या काळात मोबाईल रिपेअरिंगचा कोर्स करून टाकू असं माझ्याही डोक्यात घोळत होतं, खोटं कशाला बोलू. पण ज्यांनी भंगारात घातले नव्हते ते हळूहळू यायला लागले, पंचवीस-तीस वर्षं जुना सेट आणि सगळ्यांचं एकच वाक्य, "चालतो हो, पण आवाज करतो." बाकी दुकानांत त्यांना सांगायचे की जुना झालाय, नवीन घ्या. त्यांचंही चूक नव्हतं, कारण बंद पडलेला सेट सोपा असतो, मीटर लावला की कुठेतरी सापडतो, पण चालू सेटमधली खरखर शोधायची म्हणजे वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. आमचा धंदा वळला तो इथेच, आम्ही त्या वेळेचे पैसे घ्यायचं ठरवलं.

पहिल्यांदा तपासणी फी सांगितली तेव्हा लोक भांडायचे. "काय बदललंत ते दाखवा, त्याचे पैसे देतो." आता एखाद्याच्या अँपमध्ये इनपुट सिलेक्टरच्या पायाला ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला टाका, निघतो, तिथे सोल्डरिंग आयर्नने एक टाका मारला की काम झालं, काय दाखवणार? म्हणून मग गिऱ्हाइकासमोरच तपासायला सुरुवात केली. टेबलाच्या पलीकडे खुर्ची ठेवली, बसा म्हटलं, आणि काय करतोय ते बोलत बोलत करायचं. त्यानंतर फीवरून भांडणं जवळपास बंद झाली.

आमची पद्धत अशी की पेचकस हातात घ्यायच्या आधी कान लावायचा. व्हॉल्यूम वाढवला की आवाज वाढतो का? वाढत असेल तर भानगड व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी, फोनो (रेकॉर्ड प्लेअरचा भाग) किंवा इनपुटकडे, आणि व्हॉल्यूम शून्यावर असतानाही तसाच येत असेल तर कंट्रोलच्या पुढे, टोन, पॉवर स्टेज किंवा सप्लाय. एवढ्यानेच निम्मं सर्किट बाजूला पडतं. नुसता नॉब फिरवतानाच खरखर येत असेल तर बहुतेक वेळा पॉटच्या, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या कंट्रोलच्या, ट्रॅकवर घाण असते, काँटॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवला की जाते (क्लीनर म्हणजे पॉटसाठीचाच, घरात आहे म्हणून गंज काढायचा स्प्रे मारू नका प्लीज). पण साफ करूनही आठवड्यात परत आली तर मात्र पॉटला दोष देत बसायचं नाही, आधीचा कपलिंग कॅपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) लीक होऊन पॉटवर डीसी येतोय का ते बघायचं.

घूं करणारे दोन प्रकारचे. आपली लाईन ५० हर्ट्झची, फुल वेव्ह रेक्टिफायरने एसीचं डीसी केल्यावर उरलेला चढउतार, म्हणजे रिपल, होतो १००. त्यामुळे फिल्टरचे मोठे कॅपॅसिटर सुकले की जो हम येतो तो १०० चा, जरा चढा, बझसारखा, आणि अर्थिंगचा लूप (दोन ठिकाणी अर्थ झाल्याने) असेल तर ५० चा, जाड, पोटात जाणवणारा. सवयीने कानालाच कळतं. आणि बॉक्सला हात लावल्यावर नुसता ट्रान्सफॉर्मरच गुणगुणतोय, स्पीकरमध्ये काही नाही, असं असेल तर घरात स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर आहे का हा पहिला प्रश्न. लोडशेडिंगच्या काळात असे फोन सारखे यायचे, लाईट गेली की अँप कण्हतो म्हणून.

अर्थिंगच्या लूपचंच एक काम सांगतो. एक निवृत्त काका, ठाण्याचे, अँप घेऊन आले, घरी प्रचंड घूं आणि आमच्या टेबलावर एकदम गप्प. परत नेला, परत घूं. शेवटी मीच गेलो. टीव्हीचा आवाज अँपवर घेतलेला, सेट टॉप बॉक्स, त्याला मागून केबलची को-ऍक्स वायर. ती वायर नुसती काढली आणि घूं गायब. केबलची शिल्ड बाहेर कुठेतरी अर्थ झालेली, अँपचा अर्थ घरातल्या बोर्डावरून, झाला लूप तयार. को-ऍक्समध्ये एक छोटा आयसोलेटर टाकला, विषय संपला. काकू आतून म्हणाल्या, "मग दोन वेळा रिक्षाने कशाला नेलात हो?" काका माझ्याकडे बघतात, मी छताकडे. दुसऱ्या कोणीतरी त्यांना थ्री पिन प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला दिला होता म्हणे. हम जाईल पण बॉडीला करंट आला तर माणूस जाईल, हे असले सल्ले ऐकले की डोकं फिरतं.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा आवाज म्हणजे जुन्या जपानी सेटमधला चरचर-फट्ट, पापड तळल्यासारखा, मधेच येतो, मधेच जातो, गरम झाल्यावर बदलतो. एका सॅन्सुईत डाव्या बाजूला हा होता. इनपुट शॉर्ट केले तरी होता, म्हणजे दोष आतच. कॅपॅसिटर धरून ठेवायला कंपनीने जो पिवळा गोंद लावलेला असतो तो इतक्या वर्षांच्या उष्णतेने तपकिरी-काळा झाला होता, आणि तसा झाला की तो करंट वाहून नेतो आणि शेजारच्या पार्टचे पाय पण खातो. तो टोकदार हत्याराने खरवडून काढला, स्पिरिटने पुसला, आवाज निम्मा झाला. उरलेला निम्मा फ्रीझ स्प्रेने सापडला, एकेक ट्रान्झिस्टर गार करत गेलो आणि सी ४५८ नंबरच्या ट्रान्झिस्टरवर थेंबभर पडल्याबरोबर शांत. हे ४५८ म्हातारपणी बडबड करण्यासाठी बदनामच आहेत, एक सापडला की आम्ही दोन्ही चॅनलचे बदलून टाकतो.

पार्टसाठी पूर्वी मी लॅमिंग्टन रोडला जायचो, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. तिथे सगळं मिळतं, डुप्लिकेट पण. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एसटीके आयसीवर (अँपच्या पॉवरची चिप) नाव छान छापलेलं असतं आणि आत काय असतं देव जाणे. आता कॅपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर आम्ही अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडून बिलावर घेतो, महाग पडतं, पण रिपेअर केलेला सेट परत येण्यापेक्षा स्वस्त. पहिल्यांदा चालू करताना अजूनही सिरीजमध्ये १०० वॅटचा पिवळा बल्ब (आत शॉर्ट राहिला असेल तर बल्ब पेटतो, सेट वाचतो), एलईडीचा इथे उपयोग नाही, म्हणून ते जुने बल्ब साठवून ठेवलेत.

हल्ली व्हिडिओ बघून लोक येतात आणि सांगतात, सगळे कॅपॅसिटर बदला. आम्ही नाही म्हणतो. पैसे आमचेच बुडतात, पण चांगले पार्ट काढायचे, जुन्या बोर्डाचे ट्रॅक उचकटायचे आणि खरा दोष रिलेच्या (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचच्या) काळ्या पडलेल्या काँटॅक्टमध्ये असायचा, हा काय धंदा झाला? कमी व्हॉल्यूमला एक बाजू गायब आणि मोठा केला की ठप्प करून परत येते, तर आधी रिलेच बघायचा.

आणि एक, माझे कान आता पन्नाशीपार गेलेत. सूं करणारा बारीक हिस मला पूर्वीसारखा ऐकू येत नाही. म्हणून फायनल टेस्ट आमच्याकडे आयटीआय करून आलेली मुलगी करते, ती "सर, उजव्यात आहे अजून" म्हणाली की सेट परत उघडायचा, वाद घालायचा नाही. एलपी परत फॅशनमध्ये आल्यापासून टर्नटेबलची कामं पण तिच्याकडेच आहेत, त्यातली अर्धी तर मागची हिरवी किंवा काळी अर्थ वायर अँपला न जोडल्यामुळेच येतात.

सेट आणायच्या आधी लोक व्हॉट्सॅपवर रेकॉर्डिंग पाठवतात, त्यात काहीच ऐकू येत नाही, कारण एकसारखा चाललेला आवाज फोन स्वतःच नॉईज समजून कापून टाकतो. त्यापेक्षा सरळ फोन करा आणि तोंडाने काढून दाखवा. आधी लाजतात सगळे, मग मागून बायको म्हणते "असा नाही हो, असा," आणि ती काढते तो अगदी बरोबर असतो.