ओहायोतलं भावांचं घर

सिनसिनाटीहून गाडीने तासाभरावर ऑक्सफर्ड नावाचं छोटंसं गाव आहे आणि त्या गावात मायामी विद्यापीठ. फ्लोरिडातलं मायामी ते वेगळं. ओहायोच्या या भागात पूर्वी मायामी लोकांची वस्ती होती, त्यांच्यावरून हे नाव पडलं. विद्यापीठ १८०९ सालचं. आमचा मुलगा तिथे तिसऱ्या वर्षाला आहे आणि एका फ्रॅटर्निटीच्या घरात राहतो. कोल्हापूरहून मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला: "अगं, त्या पिऊन धिंगाणा घालणाऱ्या पोरांत कशाला ठेवलंस त्याला?" तिची काळजी खरी आहे. पण उत्तर फोनवर मावत नाही, म्हणून सविस्तर लिहायला बसले.

फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलग्यांची संघटना, नाव बहुधा दोन-तीन ग्रीक अक्षरांचं. सदस्य एकमेकांना भाऊ म्हणतात. एकाच संघटनेच्या वेगवेगळ्या विद्यापीठांत शाखा असतात, त्यांना चॅप्टर म्हणतात. मुलींच्या संघटनांना सोरॉरिटी म्हणतात. आधी 'रश', म्हणजे एकमेकांना बघण्या-भेटण्याचे दिवस. मग पसंत पडलेल्या मुलाला 'बिड', म्हणजे आमंत्रण. काही आठवडे तो नवा सदस्य म्हणून राहतो, त्याला एक मोठा भाऊ नेमून देतात, तो त्याचा 'बिग'. त्यानंतर दीक्षाविधी, आणि तो गुप्त. मुलाला मी त्याबद्दल कधी खोदून विचारलं नाही.

ऑक्सफर्डला या संघटनांचं माहेर म्हणावं इतका त्यांचा इतिहास इथे आहे. बीटा थीटा पाय १८३९ मध्ये इथे सुरू झाली, फाय डेल्टा थीटा १८४८ मध्ये, सिग्मा काय १८५५ मध्ये. तिन्ही आज देशभर पसरल्या आहेत. मुलाचा चॅप्टर यांतला आहे की नाही ते मुद्दाम सांगत नाही, पण यांतल्या दोघींच्या जन्मकथा सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१८४८ च्या जानेवारीत इथल्या मुलांनी बर्फाचे अजस्र गोळे लोटत आणून मुख्य इमारतीची दारं बुजवून टाकली. प्राध्यापकांना आत जाता येईना. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कडक पवित्रा घेतला, कितीतरी मुलांना काढून टाकलं, आणि तोवर असलेल्या संघटना जवळपास रिकाम्या झाल्या. त्याच वर्षी नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला रात्री, मागे राहिलेले सहाजण एका खोलीत जमले आणि त्यांनी फाय डेल्टा थीटाची स्थापना केली. अर्धंअधिक कॉलेज ओस पडलेलं असताना त्या सहाजणांना एकमेकांना धरून राहावंसं वाटलं, हे मला फार समजण्यासारखं वाटतं. परदेशात पहिला हिवाळा काढलेल्या कुणालाही ते समजेल.

सिग्मा कायची कथा मात्र भांडणातून सुरू होते, आणि माझी आवडती तीच. डेल्टा कप्पा एप्सिलॉन या संघटनेच्या इथल्या चॅप्टरमध्ये बाराजण होते. कॉलेजच्या वाङ्मय मंडळात 'कवी' हे पद होतं, त्यासाठी त्यांच्यातलाच एकजण उभा राहिला. काहींचं म्हणणं पडलं, की त्याच्यापेक्षा बाहेरचा मुलगा अधिक लायक आहे आणि आमचं मत त्यालाच. बाकीचे म्हणाले, भाऊ आहे, भावालाच मत द्यायचं. चॅप्टर सहा विरुद्ध सहा असा दुभंगला. समेटासाठी बोलावलेल्या जेवणात बेन रंकल नावाच्या मुलाने छातीवरचा संघटनेचा बिल्ला काढून टेबलावर टाकली आणि तो बाहेर पडला. पुढे बाहेरच्या मुलाच्या बाजूच्या त्या सहाजणांनी, म्हणजे रंकल आणि त्याच्या साथीदारांनी, आणखी एकाला बरोबर घेऊन सिग्मा काय स्थापन केली. आपला म्हणून डोळे झाकून पाठीशी उभं राहायचं, की आपला म्हणूनच त्याला 'हे बरोबर नाही' असं तोंडावर सांगायचं, हा वाद त्या जेवणाच्या टेबलावर होता. आजही प्रत्येक चॅप्टर कुठल्या बाजूचा आहे, यावर तिथली मुलं सुखरूप आहेत की नाहीत हे ठरतं, असं माझं ठाम मत झालं आहे.

मुलाच्या घरी काय पाहिलं ते सांगते. यंदा जानेवारीत तो तापाने फणफणला आणि नेमकं त्याच रात्री मोठं हिमवादळ आलं. ओहायोत बर्फ फारच झाला की काउंटीचा, म्हणजे इथल्या जिल्ह्याचा, शेरिफ 'लेव्हल थ्री' जाहीर करतो. मग अत्यावश्यक कामाशिवाय रस्त्यावर गाडी काढायची नाही. गाडीने सहज जाण्याइतक्या जवळ राहत असून आम्ही दोघं घरात अडकलो. त्याचा बिग पश्चिम ओहायोतल्या मका-सोयाबीनच्या शेतावरचा मुलगा, बोलायला अगदी कमी. त्याने आमच्या मुलाच्या खोलीतला पांढरा फळा पुसून त्यावर तक्ता आखला: वेळ, ताप, औषध, किती पाणी, काय खाल्लं. दर चार तासांनी फळ्याचा फोटो मला फोनवर येत होता. पहाटेच्या फोटोत १०२.६ च्या पुढे लिहिलं होतं, 'सूप अर्धा बाऊल, पुन्हा देतोय'. खालच्या ओळी वेगळ्या अक्षरातल्या होत्या, कारण त्याला डुलकी लागल्यावर दुसरा मुलगा येऊन बसला होता. रस्ते मोकळे झाल्यावर आम्ही पोचलो, तेव्हा स्वयंपाकघरात ओट्यावर नावानिशी पाळ्यांचा कागद लावलेला दिसला. तापाच्या पाळ्या भांड्यांच्या पाळ्यांखालीच लिहिल्या होत्या.

तो कागद बघून मला या घराची रीत कळली. इथे मदत कुणाच्या मूडवर सोडलेली नाही. दर आठवड्याला बैठक होते, इतिवृत्त लिहिलं जातं, वर्गणी भरावी लागते. मार्क घसरले तर अभ्यासाची जबाबदारी असलेला मुलगा येऊन ग्रंथालयात बसवतो. पार्टी असेल त्या रात्री काहींनी पिणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं आणि स्वतः थेंबही घ्यायचा नाही, त्यांची यादी आधीच लागते. नात्यात प्रेम असतंच, पण इथे आवडत नसलेल्या मुलाचीही पाळी चुकवता येत नाही, आणि मला त्याचंच मोल अधिक वाटतं.

गेल्या वर्षी मुलाच्या अगदी जवळच्या मित्राने पिऊन गाडी चालवली. कुणाला लागलं नाही, पोलिसांना कळलंही नाही. त्यांचं एक स्टँडर्ड्स बोर्ड असतं, शिस्तीची प्रकरणं तिथे जातात. आमच्या मुलाने स्वतः जाऊन सांगितलं. मित्र निलंबित झाला, त्याच्या गाडीची किल्ली ठेवून घेतली, समुपदेशकाकडे जायची अट घातली. कितीतरी दिवस तो आमच्या मुलाशी बोलत नव्हता. पण समुपदेशकाकडे त्याला गाडीतून नेऊन आणायचं काम मुलानेच मागून घेतलं. "जाताना एक शब्द नाही, येताना एक शब्द नाही, आई," असं तो सांगायचा. आता दोघं पुन्हा एकत्र जेवतात. मला त्या मुलाच्या आईचा निरोप आला होता. तो इथे लिहिण्यासारखा नाही, पण मी जपून ठेवला आहे.

याची दुसरी बाजू भयंकर आहे. नव्या मुलांची लायकी तपासण्याच्या नावाखाली त्यांचा छळ करायचा, बाटलीच्या बाटली पाजायची, याला हेझिंग म्हणतात. २०२१ च्या मार्चमध्ये ओहायोतच एका मुलाचा यात जीव गेला. त्याच वर्षी राज्याने कायदा कडक केला. दारू जबरदस्तीने पाजून गंभीर इजा केली तर आता तो मोठा फौजदारी गुन्हा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये देशपातळीवरही हेझिंगविरोधी कायदा झाला. अशा अनेक प्रकरणांत वाचायला मिळतं, की मुलगा निपचित पडलेला असताना बाकीचे वेळेवर मदत बोलवत नाहीत, चॅप्टरचं नाव जाईल म्हणून थांबतात. भाऊ म्हणवून घेऊन असं थांबणारी पोरं मनात आली की माझा संताप होतो.

शिवाय या संघटना फार काळ फक्त गोऱ्या, सुखवस्तू मुलांच्या होत्या. १९०५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्नेल विद्यापीठात मोजकी कृष्णवर्णीय मुलं होती. आदल्या वर्षीची काही परतच आली नाहीत, इतकं एकटेपण आणि अडचणी होत्या. उरलेल्यांनी आधी एकत्र अभ्यास करायचा गट केला आणि त्यातून ४ डिसेंबर १९०६ ला अल्फा फाय अल्फा उभी राहिली. मार्टिन ल्यूथर किंग पुढे तिचे सदस्य झाले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी बोर्डिंगं सुरू केली. माझे वडील अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले, त्यामुळे कॉर्नेलच्या त्या मुलांची गोष्ट मला अजिबात परकी वाटत नाही. गावाहून आलेल्या पोराला शहरात टिकवायचं तर त्याच्या बाजूची चार माणसं लागतात. पुढे नव्वदच्या दशकात दक्षिण आशियाई मुलांनीही इथे स्वतःच्या फ्रॅटर्निटी काढल्या, त्यांतली डेल्टा एप्सिलॉन साय १९९८ मध्ये टेक्सासात ऑस्टिनला सुरू झाली.

तुमच्यापैकी कुणाचं लेकरू पदवीसाठी इकडे येणार असेल आणि त्याच्या हातात बिड पडली, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. ओहायोतल्या विद्यापीठांना हेझिंगच्या प्रकरणांची यादी संकेतस्थळावर लावावी लागते, ती आधी उघडून वाचा. वर्गणी किती, न भरता आल्यास काय करतात, हे विचारायला लाजू नका. मुलाला म्हणावं, दिवसा जा, आणि सजवलेल्या दिवाणखान्यापेक्षा स्वयंपाकघरात थोडा वेळ बस. आणि तिथल्या मोठ्या मुलांना एवढं विचार, की गेल्या वर्षी तुम्ही तुमच्यातल्या कुणाला शिक्षा केली, आणि तो आज कुठे आहे.