आईला तिथे कशाला नेलंस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लास वेगासहून परतून दोन वर्षं होत आली, तरी लग्नात, बारशात, परवा तर डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते तिथेही तोच प्रश्न आला: बाबांचं सगळं माहीत असताना आईला कॅसिनोच्या हॉटेलात कशाला उतरवलंस?

नेहमी देते ते उत्तर खोटं नाही. मुलगी लॉस एंजेलिसला असते. आईला हूवर धरण आणि ग्रँड कॅन्यन पाहायचं होतं. वाटेत वेगास लागतं, आणि शनिवार-रविवार टाळला तर तिथल्या मोठ्या हॉटेलांतल्या खोल्या फार स्वस्त मिळतात. वर रिसॉर्ट फी म्हणून वेगळे पैसे घेतात, ते बिल हातात पडल्यावर कळलं. स्वस्ताई कशासाठी, हे मला कळत होतं. काउंटरवरून लिफ्टकडे जायचं तर खेळाच्या मजल्यातूनच जावं लागायचं. मी गणिताची शिक्षिका आहे. तिथल्या रूलेच्या चाकावर ३८ घरं आणि आकडा लागला तर ३५ पट, हे उदाहरण मी बारावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून दाखवलेलं आहे. ज्या घरातून आकड्यापायी मंगळसूत्र गेलं, त्या घरातलं कोणी याला भुलेल असं माझ्या मनातही आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी आईनं विचारलं, "इथे पोलीस येत नाहीत?" नेवाडात हे १९३१ पासून कायदेशीर आहे, असं मी सांगितलं. ती बराच वेळ त्या दिव्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "यांना दोनदा नेलं होतं."

पहाटे अडीचला मला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. चपला नाहीत, पर्स नाही. आई ७६ वर्षांची, मधुमेही, इंग्रजी येत नाही. मी गाऊनवर स्वेटर चढवून खाली धावले. खाली भिंतीवर घड्याळ नाही, खिडकी नाही, सिगारेटचा धूर, आणि दुपारी होता तसाच लख्ख उजेड. एका रांगेतून दुसऱ्या रांगेत मी वीस मिनिटं फिरत होते. सुरक्षारक्षकाला साडी कशी समजावून सांगायची, ते मला सुचेना.

ती एका मशीनसमोर बसली होती. पदर खोचलेला, शेजारी कोणीतरी आणून दिलेला संत्र्याचा रस, न प्यालेला. नातीनं अडीअडचणीला म्हणून दिलेले २० डॉलर तिनं आत घातले होते आणि पडद्यावर ४१ दिसत होते. बोट बटणावर.

मी तिचा दंड धरून ओढलं. "बाबांनी केलं ते कमी पडलं का?" मी ओरडले. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

आईनं हात सोडवला नाही. "नऊला ओपन, बाराला क्लोज," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्यांची वाट बघत जागी राहिले. आकडा आला की नाही, ते दारात त्यांच्या तोंडावर वाचायचं. त्यांना त्यात काय मिळत होतं, ते मला एकदा बघू दे."

काय दिसलं, एवढं मी विचारायला हवं होतं. मी बटण दाबून चिठ्ठी काढून घेतली, पैसे मोडले आणि तिला लिफ्टमध्ये घातलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत मुलीनं विचारलं, ओपन म्हणजे काय? मी सांगितलं, मटका सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर. बाजार उघडताना कोणता, बंद होताना कोणता, त्यावर पैसे लावायचे. पत्ते नंतर आले. आजोबा दिवसभर कापसातच राबायचे, हे बोलताना माझा आवाज गेला. आई मागे डोळे मिटून बसली होती. ग्रँड कॅन्यनला ती पाच मिनिटं उभी राहिली आणि गाडीत जाऊन बसली.

त्या रात्रीची मी अजून म्हणते, ओढून काढलं ते बरं केलं. बाबांचंही चार आण्यांपासूनच सुरू झालं होतं. मग वाटतं, आयुष्यभर दुसऱ्याचं कर्ज फेडलेल्या बाईच्या स्वतःच्या पर्समधले २० डॉलर होते ते. तिचा दंड दोन दिवस काळानिळा होता. त्याचं मी काय उत्तर देऊ?

आणि नेहमीच्या उत्तरात एक गोष्ट मी गाळत आले. स्वस्त खोल्या इतरत्रही होत्या. बाबांना रात्र रात्र घरी येऊ न देणारी ती गोष्ट कशी दिसते, ते मलाही पाहायचं होतं. मी आईला सोबत घेऊन गेले, आणि ती बघायला बसली तेव्हा तिलाच उठवलं.

गेल्या आठवड्यात ताईनं पुन्हा विषय काढला. मी तोंड उघडण्याआधी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीच म्हटलं होतं, तिथे राहू या." बाबा घरात असताना देणेकऱ्यांना ते नाहीत म्हणून सांगायची, त्याच आवाजात. तिनं तसं कधीच म्हटलं नव्हतं. मी ते खोडून काढलं नाही.