कोलाडचं राफ्टिंग: ढिगातलं वरचं हेल्मेट उचलू नका

पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोलाडला निघालात की वाटेत मुळशीचं धरण लागतं. कुंडलिका नदीत आपण राफ्ट, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी, घालतो ते पाणी मुळात इथलंच. डोंगराखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरायचं, वीज करायची आणि मग कुंडलिकेला मिळायचं, असा त्याचा प्रवास. त्यामुळे ऐन मे महिन्यातही नदी धो धो असते. पण सकाळी पाणी सोडतात तेवढाच वेळ. आदल्या रात्री मुक्कामाला गेलेलं बरं, पहाटे घाट उतरायची घाई नको.

साजे गावाजवळ राफ्ट सुटतात. तिथे लाइफ जॅकेटं आणि हेल्मेटांचा ढीग असतो आणि मंडळी हाताला येईल ते डोक्यावर चढवतात. भाच्यानेही तेच केलं.

"मामा, बसतंय की!"

"बसलेलं नाही, नुसतं ठेवलंय."

अंगठ्याने पुढची कड वर ढकलली, तर हेल्मेट थेट मानेवर आणि कपाळ उघडं. दुसरं घट्ट होतं, पण त्याचं बकल लागेना. तिसरं बसलं. गाइड घड्याळ बघत होता. बघू दे की! हेल्मेटची पुढची कड भुवयांच्या जरा वर हवी, आणि मान जोरात हलवली तरी ते डोक्याबरोबरच हललं पाहिजे. हनुवटीच्या पट्ट्यात फार तर दोन बोटं जावीत. आत टोपी नको. केसांचा अंबाडा उंच बांधला असेल तर खाली घ्या, नाहीतर हेल्मेट वरच तरंगतं.

इथले रॅपिड, म्हणजे खडकांतून खळाळत्या पाण्याचे टप्पे, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे (सहावी श्रेणी सगळ्यांत अवघड). डोकं खडकावर आपटण्याची भीती सगळ्यांना असते, पण राफ्टमध्ये आधी लागतं ते शेजाऱ्याचं पॅडल, म्हणजे वल्हं. पहिल्याच मोठ्या लाटेत पुढच्याने पॅडल मागे ओढलं आणि पॅडलच्या टोकाची मूठ माझ्या कानशिलावर टक्‌कन बसली. हेल्मेटवर चरा उठला, बाकी काही नाही. एक हात कायम आपल्या पॅडलच्या मुठीवर ठेवा, म्हणजे शेजाऱ्याचे दात वाचतात.

शांत पाण्यात गाइड उड्या मारू देतात. सैल हेल्मेट काय करतं ते तिथे कळतं: कडेखाली पाणी शिरतं, हेल्मेट मागे ओढलं जातं आणि पट्टा गळ्याला काचतो. रॅपिडमध्ये पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने आणि वर. उथळ वाटलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहू नका, खडकांत पाऊल अडकतं.

सायकलचं हेल्मेट घरून आणू नका. त्यातला थर्मोकोलसारखा फोम एका जोरदार फटक्यात चेपतो आणि मग निकामी होतो. पाण्यातल्या हेल्मेटला कडक कवच आणि आत बहुधा पुन्हा फुगणारा ईव्हीए फोम असतो, कारण खडक एकदाच लागत नाही. बाइकचं तर मुळीच नको, पाणी पिऊन जड होतं. वर्षातून एकदाच जाणाऱ्याने विकत घ्यायची गरज नाही. कयाक (अरुंद, छोटी होडी) शिकत असाल तर मात्र स्वतःचंच घ्या, आणि आत ईएन १३८५ हा शिक्का बघा. तो पहिल्या ते चौथ्या श्रेणीच्या पाण्यासाठीचा युरोपीय मानक आहे. कयाक उलटली की डोकं खाली जातं, म्हणून कान झाकणारं असेल तर उत्तम.

कॅमेरा हेल्मेटवर लावायचा मोह टाळा, दोरीत अडकतो. चष्म्याला मागून दोरी बांधा. आणि डोक्याला जोरात लागून नंतर मळमळलं किंवा गरगरलं, तर हेल्मेट होतं म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा.