आरटीआर (राजगड-तोरणा-रायगड): बोराट्याची नाळ अखेर सॅकसकट उतरली

या ट्रेकमध्ये मागच्या वेळी नाळेच्या आधीच्या मोहरी गावातूनच परत फिरावं लागलं होतं. म्हणून आधी बातमी: बोराट्याची नाळ, म्हणजे घाटावरून कोकणात उतरणारी खडी घळ, झाली! पाठीवर पूर्ण सामान, सगळा ग्रुप धडधाकट.

राजगडाच्या संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून बाहेर पडून डोंगराच्या दांडाने तोरणा, तिथून मोहरी. हा भाग नेहमीचाच. लांब आहे, दमवतो, पण डोकं खात नाही. डोकं खाते ती रायलिंगच्या पठाराखालची नाळ. समोर लिंगाण्याचा सुळका, पायाखाली धोंड्यांनी गच्च भरलेली घळ.

लोक तिथल्या एक्स्पोजरला, म्हणजे बाजूच्या उघड्या दरीला, घाबरतात. माझ्या मते खरा त्रास सॅकचा आहे. कमरेएवढ्या धोंड्यावरून बसून उतरायला गेलं की सॅकचा तळ मागच्या दगडाला टेकतो आणि आपल्याला पुढे ढकलतो. पाय अजून अधांतरी, हाताखाली घसारा. पट्टे आवळून पाहिले, जड सामान वर भरून पाहिलं. वर भरल्यावर तर तोल आणखी जातो. यावेळी सॅकखाली बांधायची मॅट काढून बाजूला उभी लावली, तंबू आणि शिधा पाठीला चिकटून मधोमध. एवढ्यानेच निम्मं काम झालं. मोठ्या धोंड्यांवर सॅक दोराने आधी खाली सोडल्या, मग माणसं मोकळ्या अंगाने उतरली. खालचा गडी कधीही सॅकच्या सरळ रेषेत नाही, हा नियम मोडायचा नाही. घडीच्या काठ्या नाळेत नुसती अडगळ, वरच बांधून टाका. बुटांत ॲक्शनचे ट्रेकिंग अजूनही या कातळावर मस्त धरतात.

वेळही जमली. नाळ पश्चिमेला उतरते, त्यामुळे सकाळी सावली असते. उजाडताच शिरलो आणि ऊन अंगावर यायच्या आत मोठे धोंडे मागे पडले. लिंगाण्याच्या खिंडीकडे जाणारा ट्रॅव्हर्स (आडवी वाट) फुटतो तिथे मात्र वरच्या मंडळींच्या पायाखालून दगड सुटतात. शनिवार-रविवार टाळा.

आता पाने गावातून काळ नदीच्या खोऱ्याने रायगड, हा टप्पा उरला. हे लिहिता लिहिता वाटतंय, अख्खा ट्रेक उलटा केला तर? चढताना सॅक ढकलत नाही, नाळ सोपी जाईल. पण नको. राजधानी राजगडाहून रायगडाला गेली, 1674 चा राज्याभिषेक तिथे झाला; मला त्याच दिशेने पोचायचंय. त्यापेक्षा पुढच्या खेपेला जवळच्याच सिंगापूर नाळेने खालच्या दापोली गावात (रत्नागिरीतलं दापोली नव्हे) उतरू. ती तुलनेने सौम्य आहे, आमच्यातले गुडघेदुखीवाले दोघेही येऊ शकतील.

वारंगी गावाकडून रायगडाच्या पायथ्याच्या रायगडवाडीची पायवाट पावसाळ्यानंतर कुणी पाहिली असेल, तर ती कुठे मोडली आहे ते नक्की कळवा.